तळघरात कोण बसतं?

वांगणी नावाची दोन गावं आपल्याला बातम्यांमधून माहीत झाली. एक जव्हार तालुक्यातलं. 'वावर-वांगणी' असं जोडनाव घेतलं की चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या मैत्रिणींना १९९२-९३ सालचे कुपोषणाने झालेले बालमृत्यू लगेच आठवतील. दुसरं वांगणी मध्य रेल्वेवरचं, बदलापूरच्या पुढचं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस या वांगणीजवळ पाण्यात उभी राहिली. गाडीत हजाराहून जास्त माणसं, त्यांत नऊ गरोदर बायका. होड्या आणून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं, हे नशीबच.

या दोन गावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नद्याही वेगळ्या. पण पाण्याचा स्वभाव समजून घ्यायला ही जोडी बरी पडते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि उतारावरून धो धो वाहून जातो. इतका, की मार्च-एप्रिलात त्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. रेल्वेवरच्या वांगणीत उलट. ते नदीच्या सखल पट्ट्यातलं. वरून आलेलं पाणी तिथं पसरतं, थांबतं. पाणी उतार बघतं, माणूस बघत नाही.

आता विचार करा, नदीकाठच्या सखल जागेहूनही सखल अशी जागा आपण स्वतःच्या हाताने खणून तयार केली तर? आजचा विषय तोच. बेसमेंट. तळघर. आपल्या गावात त्याला 'अंडरग्राउंड' म्हणतात. आणि त्या तळघरात पाणी भरलं की उपसणारा पंप.

मुळात आपल्याकडे, म्हणजे पावसाच्या मुलखात, तळघराची पद्धतच नव्हती. देशावर कोरड्या जमिनीत धान्याची पेवं असायची. कोकणात आणि जव्हारच्या डोंगरपट्टीत कणगी. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, जमिनीपासून वर ठेवलेली. घरसुद्धा आधी जोतं उचलून मग बांधायचं. खाली जायचंच नाही, हा साधा हिशेब होता. अमेरिकेच्या थंड भागांत गेलेल्या आपल्या मराठी मुलींच्या पुष्कळ घरांना मात्र तळघर असतं, आणि त्याला कारण आहे. तिथं थंडीत जमीन खोलवर गोठते, म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर खोली करून टाकू, असा तो प्रकार. न्यू जर्सीत राहणारी मुलगी फोनवर 'आई, संप पंप बिघडलाय' म्हणते, तेव्हा ती आपल्या मोटार बिघडण्याइतकीच रोजची गोष्ट सांगत असते. तळघराच्या एका कोपऱ्यात खड्डा, त्यात पंप, पाणी चढलं की आपोआप सुरू, आणि वीज गेली तर पुष्कळ घरांत बॅटरीवर चालणारा दुसरा. इतकं सगळं असूनही १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री 'आयडा' वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात जे तेराजण गेले, त्यातले अकराजण तळघरातल्या घरांमध्ये बुडाले. स्वस्तातली भाड्याची घरं, बरीचशी नोंद नसलेली. राहणारे बहुतेक बाहेर देशांतून पोटासाठी आलेले.

आपल्याकडे गोठणारी जमीन नाही. आपण खणतो ते जागा महाग म्हणून. गाड्या कुठे लावायच्या, जिन्याखाली सामान कुठे ठेवायचं, म्हणून. इथपर्यंत ठीक. पण तळघर बांधून झालं की त्याची किंमत दिसायला लागते. एवढी मोठी जागा नुसती गाड्यांना? मग एक कोपरा वॉचमनच्या कुटुंबाला. दुसरा शिवणक्लासला. तिसऱ्यात ब्युटी पार्लर, चौथ्यात जिम. आणि अलीकडे तालुक्याच्या गावांतही निघालेली अभ्यासिका. एमपीएससी करणाऱ्या पोरापोरींना शांतता हवी, भाडं कमी हवं, म्हणून खालची जागा.

दिल्लीत नेमकं हेच झालं होतं. ओल्ड राजिंदर नगर भागात २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात रस्त्यावरचं पाणी शिरलं आणि यूपीएससीची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून मेले. दोन मुली, एक मुलगा. त्या तळघराला परवानगी होती गाड्या लावायची आणि सामान ठेवायची. वाचनालयाची नाही. पुढे तपास सीबीआयकडे गेला, सर्वोच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली, दिल्लीतली कित्येक तळघरं सील झाली. महाराष्ट्रातून दरवर्षी किती मुलंमुली त्याच भागात खोल्या घेऊन राहतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री आपल्याकडच्या किती घरांत फोन फिरले असतील.

तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, तरणीताठी पोरं, पळाली कशी नाहीत? आपल्याला पाण्याचं वजन ठाऊक नसतं, म्हणून हा प्रश्न पडतो. तीन फूट रुंदीचं नेहमीचं दार घ्या. बाहेर एक फूट पाणी साचलं तर त्या दारावर साधारण चाळीस किलोचा रेटा येतो. जोर लावून ढकललं तर उघडेल. पाणी दोन फूट झालं की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. एकशेसाठ किलो, म्हणजे तांदळाची तीन पोती. तीन फुटांना नऊपट, साडेतीनशे किलोच्या वर. सात पोती दाराला टेकवून ठेवलीत आणि तुम्ही आतून ढकलताय, असं समजा. आणि तळघराला पाणी हळूहळू भरत नाही. गाडी उतरण्याचा जो रॅम्प असतो, तो रस्त्यावरचं पाणी आत ओतणारं नरसाळंच असतो. म्हणून तळघरात पाणी दिसायला लागलं की दप्तर, चपला, मोबाइलचा चार्जर काही बघायचं नाही. घोट्याएवढं आहे तोवर जिना चढायचा.

आता पंपाकडे येऊ. दरवर्षी सोसायट्यांच्या सभेत 'मोठा पंप घ्या' हा ठराव होतो आणि सगळ्यांना वाटतं की प्रश्न सुटला. थोडा हिशेब करू या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटरच्या किंचित वर. म्हणजे पाच गुंठ्यांच्या आवारात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडे तो एका रात्रीत पडतो, तर पन्नास हजार लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे पाच टँकर. ही फक्त आपल्या आवाराची गोष्ट. वरच्या आळीचं, रस्त्याचं, शेजारच्या प्लॉटचं पाणी उताराने आपल्याकडेच येत असेल तर त्याची मोजदाद नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गुंठ्याला साडेनऊ टँकर. असल्या पावसात पंप बिचारा काय करणार?

पंप काम करतो तो साध्या दिवसांत. भिंतीतून पाझरणारं, जमिनीखालून येणारं, गाड्यांच्या चाकांबरोबर आलेलं पाणी खड्ड्यात जमतं आणि तो उपसून टाकतो. मोठ्या पावसात त्याला दगा द्यायला तीन कारणं टपलेली असतात. पहिलं, वीज जाते. जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच जाते. दुसरं, उपसलेलं पाणी जायला जागा नसते. बाहेरची गटार तुडुंब भरलेली असते, मग तेच पाणी पाइपातून उलटं घरात. त्यासाठी पाइपाला एकेरी झडप बसवतात, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. दोन-तीन वर्षांत तिच्यात कचरा अडकतो, ती मिटत नाही, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबईने समुद्राच्या तोंडाशी हेच मोठ्या प्रमाणावर केलंय. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी नाल्यांतून शहरात शिरू नये म्हणून दारं बंद करायची आणि शहरातलं पाणी पंपांनी वर उचलून समुद्रात टाकायचं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशी उदंचन केंद्रं त्यासाठीच उभी राहिली. कोट्यवधी रुपये गेले. तरी पावसाळ्यात मुंबई थांबायची ती थांबतेच.

तिसरं कारण सगळ्यात वेडं. जे यंत्र पाणी उपसणार, तेच खाली ठेवलेलं असतं. पाण्यात बुडून चालणारा सबमर्सिबल पंप असेल तरी त्याचं बटण, त्याची पेटी, त्याचा फ्यूज तळघराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला. जनरेटरही खालीच, कारण वर आवाज होतो! १८ जुलै २०२१ ला भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पावसाचं पाणी शिरलं, विजेची यंत्रणा बंद करावी लागली, पंप थांबले, आणि मुंबईच्या मोठ्या भागात नळ कोरडे पडले. बाहेर सगळीकडे पाणीच पाणी आणि घरात प्यायला नाही. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेचं हे, तर आपल्या तालुक्याच्या गावातल्या बिल्डरकडून काय अपेक्षा ठेवायची? मुंबईची भुयारी मेट्रो वरळीपर्यंत आली. आचार्य अत्रे चौक स्टेशन सुरू होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते. २६ मे २०२५ ला ते पाण्याने भरलं. पाणी कुठे भिंतीतून झिरपलं नव्हतं. काम चालू असलेल्या दरवाजाकडची पाणी अडवणारी भिंत पडली आणि ते राजरोस प्रवेशद्वारातून आत आलं. आणि हे मे महिन्यात. 'पावसाळ्याआधी करून घेऊ' म्हणणाऱ्यांचा मे महिना.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे मेट्रो आणि तळघरं? आमचं साधं बैठं घर. तर आता एक गोष्ट सांगते, ती जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, कुठल्याही गावाला लागू आहे. आपल्या घराला न विचारता तळघर होतं! दारापुढचा रस्ता बघा. डांबराचा थर, त्यावर पुन्हा डांबर, मग एका निवडणुकीच्या आधी काँक्रीट. प्रत्येक वेळी रस्ता थोडा वर येतो. सासूबाईंच्या काळात तीन पायऱ्या चढून ओट्यावर जात होतो, आता एक पायरी उतरून घरात जातो. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा टाकायचा, हे रस्त्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. खरवडायला पैसे लागतात, म्हणून करत नाहीत. उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो येतो आणि पहिल्या पावसात चुलीपाशी पाणी. मग ज्याची ऐपत तो जमीन भरून घेतो, त्याने छत डोक्याला लागायला लागतं. ज्याची नाही तो दाराला सिमेंटचा उंबरा घालतो. पाणी उपसायला तांब्या-बादली घेऊन रात्रभर कोण बसतं, ते मी लिहायची गरज नाही.

राज्यात २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि थोडे भाग सोडून जवळपास सगळीकडे बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. तळघर राहण्यासाठी वापरायचं नाही, आणि वरचं वाहतं पाणी त्यात शिरणार नाही अशी व्यवस्था करायची, हे त्यात आहे. नगरपरिषदेत, नगरपंचायतीत मंजूर नकाशा असतो. त्यात तळघरापुढे काय लिहिलंय ते बघायला मिळतं, मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागता येतं. बचत गटाच्या बायकांनी रेशनच्या याद्या बघितल्या, शाळेच्या पोषण आहाराचे तांदूळ मोजले. हा नकाशा त्याहून अवघड नाही. लेक ज्या अभ्यासिकेत जाते ती कितव्या मजल्यावर आहे, बाहेर पडायला जिने किती, दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, एवढं एकदा स्वतः जाऊन बघून यावं. फी भरायला जातोच ना आपण?

ज्यांच्या इमारतीत तळघर आहेच, त्यांनी मेच्या सुरुवातीलाच पंपाच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतून बघावं. तरंगणारा गोळा वर उचलला जातो आणि पंप आपणहून सुरू होतो का, पाणी बाहेर जाऊन परत येत नाही ना, हे पाच मिनिटांत कळतं. खड्ड्यातला गाळ, पिशव्या, पानं काढून घ्यावीत. रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा वीतभर उंच उंचवटा करून घेतला तर पुष्कळ पाणी बाहेरच राहतं, आणि त्याला पंपापेक्षा कमी खर्च येतो. गाडीचा तळ घासतो म्हणून पुरुषमंडळी त्याला विरोध करतात, हे आधीच सांगून ठेवते.

पाणी भरलंच, तर मेन स्विच बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्यात पाय घालू नये. पुण्यात २५ जुलै २०२४ च्या पुरात डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत आपली हातगाडी हलवायला गेलेले तीन तरुण विजेचा धक्का लागून गेले. शेतावरचा डिझेल किंवा पेट्रोलचा पंप आणून तळघरात चालवायची आपल्याकडे फार हौस. त्याचा धूर बंद जागेत साठतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. इंजिन उघड्यावर ठेवायचं, फक्त पाइप आत सोडायचा. जमिनीतल्या पाण्याच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल, आणि झाकण जमिनीलगत असेल तर ते जातंच, तर टाकी पूर्ण रिकामी करून घासून ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय ते पाणी तोंडात घालू नका, भाजीही धुऊ नका. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर डॉक्टरांना 'मी पाण्यातून चालले होते' हे आवर्जून सांगायचं. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली. उंदराच्या लघवीतून येणारा हा आजार वेळेत कळला तर साध्या औषधांनी बरा होतो. घरातली बाई मात्र ताप अंगावर काढते.

राहता राहिला तो वॉचमन. वसई, भिवंडी, ठाणे, नाशिक इथल्या इमारतींच्या कामांवर आणि वीटभट्ट्यांवर जव्हार-मोखाड्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातात. दिवाळी झाली की पोराबाळांसकट घर बंद करून निघायचं आणि पावसाच्या तोंडावर आवणीला परत यायचं. पायाचे खड्डे खणायला, स्लॅब भरायला तीच. इमारत उभी राहिली की त्यांतलंच एखादं कुटुंब राखणीला मागे राहतं, आणि त्यांना जागा मिळते ती तळघरात, पंपाच्या खोलीशेजारी. तिथंच स्टोव्ह, तिथंच गोधडी, तिथंच पाळणा. वरच्या मजल्यांवर पाण्याने कधी रात्री कुणाला उठवलेलं नसतं, कारण ते आधी त्या पाळण्यापर्यंत पोचतं आणि त्या पोराची आई सगळ्यांना उठवते. सोसायटीच्या सभेत गाड्यांचं किती नुकसान झालं याचा आकडा निघतो. त्या बाईचं पीठ, डाळ, रेशनकार्ड, पोराची वह्या-पुस्तकं यांचा आकडा मी अजून कुठल्या इतिवृत्तात वाचला नाही. जिन्याखालची किंवा गच्चीलगतची एक खोली देता येत नाही, असं कुठल्याच इमारतीत नसतं.

आणि पावसाळ्यात, आवणीसाठी, हे कुटुंब आठ-पंधरा दिवस गावी गेलं तर पंपाच्या खोलीची किल्ली कुणाकडे? कुठलं बटण आधी दाबायचं, हे वरच्या मजल्यांवरच्या किती जणांना माहीत असतं? दुपारी पाणी भरतं तेव्हा पुरुष कामावर असतात. प्रत्येक मजल्यावरच्या दोघी-तिघींनी एकदा खाली उतरून ती खोली उघडून बघावी, आणि एक किल्ली वरच्या घरात, खिळ्याला अडकवून ठेवावी.